पळसाच्या पानापासून भिंगरीपर्यंत : शिबिरात करण्याजोग्या सोप्या हस्तकला



सहामाही परीक्षा संपली की शाळेत शिबिराचे वारे वाहू लागतात. कोण कोणाच्या तंबूत झोपणार, शेकोटीच्या कार्यक्रमात कोण काय सादर करणार, कोणाची आई लाडू देणार आणि कोणाची चिवडा, याच्या चर्चा मधल्या सुटीत रंगतात. या सगळ्यात वेळापत्रकातील एका तासाकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष नसते. तो तास म्हणजे हस्तकलेचा. ‘दुपारी २ ते ४, हस्तकला’ एवढे लिहून आपण मोकळे होतो आणि आदल्या दिवशी बाजारातून एक खोके भरून सामान आणतो.

काही वर्षांपूर्वीच्या एका शिबिरात आम्हीही असेच केले होते. खोक्यात थर्माकोलचे गोळे, चमकी, रंगीत पिसे आणि डिंकाच्या नळ्या होत्या. दोन तासांत प्रत्येकाचे एकेक पेन-स्टँड तयार झाले. सगळी एकसारखी! रात्री वारा सुटला. सकाळी पाहतो तर थर्माकोलचे पांढरे गोळे तलावाच्या काठाने पाण्यावर तरंगत होते. अख्खी सकाळ आम्ही ते वेचण्यात घालवली. गोळे बरेचसे सापडले, पण मातीत मिसळलेली चमकी काही केल्या निघाली नाही.

त्याच सकाळी आणखी एक गोष्ट घडली. खानवेलच्या बाजूच्या एका पाड्यातून शाळेत येणारा आमचा एक विद्यार्थी पळसाच्या झाडाखाली बसला होता. वर्गात तो फारसा बोलत नसे. गृहपाठाच्या वहीवर त्याला शेरेच जास्त मिळत. त्याने पळसाचे एक पान घेतले, दोन्ही टोके दुमडली, गवताच्या काडीने टाचली आणि त्या द्रोणातून तो पाणी प्यायला. एकाने पाहिले, मग दुसऱ्याने. दुपारपर्यंत वीस मुले त्याच्याभोवती बसली होती आणि तो त्यांना शिकवत होता. “असं नाय, पान उलटं धर,” असे तो ठामपणे सांगत होता. त्याचा तो आवाज आम्ही शिक्षकांनी पहिल्यांदाच ऐकला.

तेव्हापासून एक गोष्ट मनाशी पक्की झाली. शिबिरातील हस्तकला बाजारातील खोक्यातून येऊ नये. जिथे आपण जातो तिथल्या मातीतून, पानांतून आणि तिथल्या माणसांकडून ती यावी. असे केल्याने काय साधते आणि ते करायचे कसे, हे सांगण्यासाठी हा लेख.

आपल्या जवळचीच उदाहरणे

ही कल्पना नवी नाही. तिचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारीच, पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघींनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथली बहुतेक मुले वारली. शहरातील बालवाड्यांमधील महागडी साधने आणायला पैसे नव्हते आणि आणली असती तरी ती त्या मुलांच्या ओळखीची नव्हती. म्हणून या दोघींनी आजूबाजूला मिळणारे दगड, पाने, फुले, बिया आणि शिंपले यांचीच शैक्षणिक साधने केली. गुरे चारायला जाणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणावर नेली. ती ‘कुरणशाळा’. बिया मोजता मोजता मुले अंक शिकली आणि पाने लावता लावता आकार. आज आपण ज्याला ‘परिसरातून शिक्षण’ म्हणतो, ते या दोघी तेव्हा प्रत्यक्ष करून दाखवत होत्या. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले.

दुसरे उदाहरण जिव्या सोमा मशे यांचे. त्यांचा जन्म तलासरी तालुक्यातील धामणगावचा. लहानपणी आई गेल्यावर या मुलाने बोलणेच सोडले होते. जे सांगायचे ते तो धुळीत बोटाने चित्र काढून सांगे. हाच मुलगा पुढे वारली चित्रकलेचा जगभर गाजलेला चित्रकार झाला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. धुळीतल्या रेषा कोणीतरी थांबून पाहिल्या, म्हणून हे झाले.

आणि शिबिर ही कल्पना जिथून जगभर पसरली, तिथेही हाच विचार होता. १९०७ सालच्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचे शिबिर भरवले. स्काऊट चळवळीची ती सुरुवात मानली जाते. त्या शिबिरात श्रीमंतांच्या नामांकित शाळांतील मुले आणि कामगारांची मुले त्यांनी मुद्दाम एकत्र ठेवली होती. गाठी मारणे, झोपडी उभारणे, माग काढणे ही कामे दोघांनाही सारखीच नवी असतात, किंवा ज्याच्या हाताला कामाची सवय आहे तो पुढे जातो. आपल्या शाळेतही कारखान्यातील नोकरीसाठी आलेल्यांची मुले आहेत, व्यापाऱ्यांची आहेत, शेतकऱ्यांची आणि आदिवासी पाड्यांवरचीही आहेत. वर्गात त्यांचे क्रमांक ठरलेले असतात. शिबिरात ते बदलू शकतात.

आपला प्रदेश या बाबतीत भाग्यवान आहे. दादरा आणि नगर हवेलीचे क्षेत्रफळ अवघे ४९१ चौरस किलोमीटर, पण त्यातील सुमारे ४० टक्के भाग वनाखाली आहे. सिल्वासाच्या औद्योगिक वसाहतीतून बाहेर पडून खानवेलमार्गे दुधनीकडे निघाले, की साग, खैर, ऐन, मोह आणि पळस लागतात. पुढे मधुबन धरणाने अडवलेल्या दमणगंगेचे विस्तीर्ण पाणी दिसते. वारली, कोकणा, धोडिया, कथोडी हे समाज इथे पिढ्यानपिढ्या राहत आले आहेत. या प्रदेशात कोणत्या पानाचे काय होते, हे सांगणारी माणसे आपल्याला शोधावी लागत नाहीत. आपल्यापैकी अनेकांचे ती शेजारीच आहेत.

सुरुवातीला तीन नियम

कोणतीही वस्तू करण्यापूर्वी हे तीन नियम सर्वांनी पाठ करावेत.

पहिला : पडलेले आधी, तोडायचे शेवटी. वाळलेली पाने, पडलेल्या फांद्या, शेंगा, साली यांतूनच जास्तीत जास्त काम करावे. हिरवी पाने लागलीच, तर एका झाडाची दोन-चारच घ्यावीत. एकच झाड ओरबाडू नये.

दुसरा : विचारल्याशिवाय हात लावू नये. झाड कोणाच्या बांधावरचे असेल तर मालकाला विचारावे. वनखात्याच्या हद्दीतून काही घ्यायचे तर शिबिरप्रमुखांनी आधी परवानगी घ्यावी. बांबूच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. २०१७ साली वन कायद्यात बदल होऊन वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळण्यात आला. पण जंगलातील बांबूला ही सूट नाही.

तिसरा : जे मातीत विरत नाही, ते आपल्याबरोबर परत येईल. ‘टाकाऊतून टिकाऊ’ ही म्हण कार्यानुभवाच्या तासाला आपण नेहमी ऐकतो आणि घरी ती चांगलीच आहे. शिबिरात मात्र थोडे उलटे करू या. इथे केलेली वस्तू टिकली नाही तरी चालेल. ती तिथल्या मातीत विरून गेली पाहिजे.

१. पत्रावळ आणि द्रोण

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण सर्वांना ठाऊक असते, पण ती तीन पाने मोजून पाहिलेली मुले वर्गात किती असतील? शिबिराची सुरुवात इथूनच करावी. एका देठाला तीन पाने, मधले सर्वांत मोठे. हे एकदा पाहिले की म्हण कायमची समजते.

साहित्य : पळसाची मोठी, न फाटलेली पाने, टाचण्यासाठी नव्या खराट्याचे बारीक हीर, पाण्याने भरलेली बादली, स्वच्छ ओले फडके.

द्रोणाची कृती : एक मोठे पान धुऊन पुसून घ्यावे. गुळगुळीत बाजू आत येईल असे धरावे. देठाकडच्या भागाला एक चिमटी घेऊन कडा एकमेकींवर आणावी आणि हिराच्या लहान तुकड्याने टाचावी. टोकाकडेही तसेच करावे. पान होडीसारखे उभे राहते. त्यात पाणी ओतून पाहावे. गळत असेल तर चिमटी थोडी वर घ्यावी.

पत्रावळीची कृती : मध्ये एक पान ठेवून त्याभोवती सहा-सात पाने अशी लावावीत, की प्रत्येक पान शेजारच्या पानावर साधारण एक-तृतीयांश येईल. हीर वरून खाली आणि पुन्हा वर असा टाक्यासारखा घालावा आणि उरलेले टोक मोडून टाकावे. भात-आमटीसाठी पानांचा दुसरा थर लावावा. वाढण्यापूर्वी पत्रावळीवरून हात फिरवून हिराचे सुटे तुकडे राहिले नाहीत ना, हे तपासावेच. घशात हीर जाणे ही थट्टा नव्हे.

पहिली पत्रावळ करायला वीस मिनिटे लागतात आणि ती वेडीवाकडी होते. पाचवी बरी होते. त्या दिवशीचे रात्रीचे जेवण प्रत्येकाने स्वतःच्याच पत्रावळीवर घ्यावे. ज्याची गळेल त्याची आमटी जमिनीवर, आणि याहून चांगला परीक्षक नाही! जेवण झाल्यावर पत्रावळी खड्ड्यात पुराव्यात. १ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे आणि सजावटीचे थर्माकोल यांवर बंदी आली. त्याला पर्याय काय, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. तो पर्याय आपल्या रस्त्याच्या कडेलाच उभा होता.

२. शिंदीच्या पानाची भिंगरी

शिंदीची झाडे आपल्याकडे बांधाबांधावर आहेत. तिच्या लांब, चिवट पानांचे झाडू आणि चटया होतात. मुलांसाठी त्याची भिंगरी सर्वांत आवडती. शिंदीच्या झावळीवर देठाजवळची पाने काट्यासारखी टोकदार असतात, म्हणून झावळी मोठ्यांनीच उतरवावी आणि काटेरी भाग काढून मगच मुलांना द्यावी. शिंदी न मिळाल्यास नारळाचे पान उत्तम. त्याचा मधला हीर काढून टाकला की दोन सुरेख पट्ट्या मिळतात.

साहित्य : साधारण २० सेंटिमीटर लांबीच्या सारख्या रुंदीच्या चार पट्ट्या आणि एक गुळगुळीत, बोथट टोकाची काडी.

कृती : चारही पट्ट्या मधोमध दुमडाव्यात. पहिली दुमडलेली पट्टी आडवी धरावी. दुसरीच्या दुमडीत पहिली येईल अशी दुसरी उभी अडकवावी. तिसरीच्या दुमडीत दुसरी घ्यावी. चौथीच्या दुमडीत तिसरी घेऊन चौथीची दोन्ही टोके पहिलीच्या दुमडीतून बाहेर काढावीत. आता चारही बाजूंनी हळूहळू ओढावे. मध्ये एक घट्ट चौकोन तयार होतो आणि चार बाजूंना चार पाती राहतात. प्रत्येक पात्याला एकाच दिशेने किंचित पीळ द्यावा. चौकोनाच्या मध्यावर काडीचे बोथट टोक सैलसर टेकवून वाऱ्याच्या दिशेने धावले, की भिंगरी फिरू लागते.

भिंगरी फिरली नाही, तर पाती तपासावीत. दोन पाती एका बाजूला आणि दोन उलट्या बाजूला पिळली असतील, तर वारा एकमेकांविरुद्ध ढकलतो आणि भिंगरी जागच्या जागी थरथरते. सातवी-आठवीच्या मुलांनी इथे थांबून विचार करावा. पवनचक्कीचे पाते तिरके का असते, याचे उत्तर हातातच आहे.

३. तांदळाच्या पिठाने वारली चित्र

वारली चित्रे आता साड्यांवर, कपांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवरही दिसतात. २०१४ साली या कलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मूळची ही चित्रे कुडाच्या, शेण-मातीने सारवलेल्या भिंतीवर, लग्नासारख्या मंगल प्रसंगी, सवाष्ण बायका काढत. पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा आणि कुंचला बांबूच्या काडीचे टोक चावून केलेला. बस्स, एवढेच साहित्य.

साहित्य : अर्धी वाटी तांदूळ, थोडा खाण्याचा डिंक, गेरू, जुन्या वह्यांचे पुठ्ठे किंवा सपाट दगड, बांबूच्या बारीक काड्या.

कृती : सकाळीच तांदूळ भिजत घालावेत. दुपारी पाट्यावर किंवा स्वच्छ दगडावर बारीक वाटावेत. (शिबिराच्या स्वयंपाकघरात तांदळाचे पीठ असेल तर तेही चालते.) त्यात डिंकाचे थोडे पाणी घालून दाट ताकाइतके पातळ करावे. फार पातळ झाले तर चित्र वाळल्यावर दिसत नाही आणि फार दाट झाले तर पोपडे उडतात. पुठ्ठ्याला गेरू लावून सावलीत वाळवावा. काडीचे टोक चावून किंवा दगडाने ठेचून त्याचे तंतू मोकळे करावेत. झाला कुंचला.

आकार तीनच : वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन. दोन त्रिकोणांची टोके जोडली की माणसाचे शरीर होते. वरचा त्रिकोण म्हणजे छाती, खालचा म्हणजे कमरेखालचा भाग. त्रिकोण थोडे तिरके केले की माणूस चालू लागतो, आणखी तिरके केले की नाचू लागतो. हात एकमेकांच्या पाठीमागे गुंफून माणसांची गोल रांग काढली आणि मध्ये वाद्य वाजवणारा उभा केला, की तारपा नाच झाला. तारपा हे वाद्य वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचे पान आणि मेण यांपासून होते. त्या वाद्यातही बाजारातून आणलेले काही नाही. सिल्वासातील आदिवासी संग्रहालयात अशी वाद्ये आणि रोजच्या वापरातील वस्तू पाहायला मिळतात. शिबिराला निघण्यापूर्वी तिथे एक चक्कर मारली, तर चित्र काढताना नुसती नक्कल होणार नाही.

एक पथ्य पाळावे. लग्नाच्या वेळी काढला जाणारा चौक आणि त्यातील पालघाट देवी हा वारली समाजाच्या श्रद्धेचा विषय आहे. आपल्या देवघरातील वस्तूंचे खेळणे कोणी केलेले आपल्याला आवडणार नाही. तेव्हा शिबिरात झाडे, डोंगर, गुरे, शेतातील कामे, नाच आणि आपला स्वतःचा दिवस काढावा. तंबू, बस, धरण आणि स्वयंपाकाचा मोठा टोप वारली रेषेत काढून पाहावा. फार मजा येते.

४. मातीचे बैल

नदीच्या किंवा तलावाच्या काठची माती कामाची आहे की नाही, हे ओळखायची साधी रीत आहे. ओली माती दोन तळव्यांत वळून करंगळीएवढी जाड वळी करावी आणि ती बोटाभोवती अंगठीसारखी वाकवावी. वळी तडकली तर माती वाळूमिश्रित आहे, ती सोडून द्यावी. न तडकता वाकली तर ती चिकणमाती.

खडे आणि मुळ्या काढून माती कणकेसारखी मळावी. बैलाचे धड, पाय, वशिंड आणि शिंगे वेगवेगळी लावण्यापेक्षा एकाच गोळ्यातून ओढून काढावीत. वेगळी लावलेली शिंगे वाळताना गळून पडतात, कारण माती वाळताना आकसते. वेगळा भाग जोडायचाच असेल तर दोन्ही बाजूंना काडीने रेघोट्या माराव्यात, पातळ चिखल लावावा आणि मग दाबावे. वस्तू उन्हात ठेवू नयेत. बाहेरून लवकर आणि आतून उशिरा वाळल्याने त्या तडकतात. सावलीत, एका दिवसानंतर उलटून, दोन दिवस वाळवाव्यात.

भाजलेले नसल्यामुळे हे बैल पाण्यात विरघळतात. शेवटच्या दिवशी ज्याला घरी न्यायचा असेल त्याने न्यावा. बाकीच्यांनी आपला बैल जिथून माती घेतली तिथेच ठेवून यावे. पहिल्या पावसात तो परत माती होईल. लहान मुलांना हे आधी जड जाते, पण नंतर त्याचीच गंमत वाटते.

५. बांबूचा पेला

हे काम आठवीपासून पुढच्या मुलांचे आणि शिक्षक किंवा कारागीर शेजारी असतानाच करायचे. बांबूला ठरावीक अंतरावर पेरे असतात आणि पेऱ्याच्या जागी आत पडदा असतो. पेऱ्याच्या जरा खाली एक आणि वर १० ते १२ सेंटिमीटरवर दुसरा काप घेतला, की पडदा तळ होतो आणि पेला तयार होतो. काप करवतीने घ्यावा. कोयत्याने घाव घातला तर बांबू उभा चिरतो. करवत मोठ्यांनी चालवावी आणि मुलांनी कडा घासावी. कडेला बारीक फासे असतात, ते हातात शिरतात. काचकागद नसेल तर ओल्या फडक्यात नदीची बारीक वाळू घेऊन घासले तरी कड गुळगुळीत होते. पेला सावलीतच वाळवावा.

ताज्या बांबूला काही महिन्यांनी कीड लागून पिवळी भुकटी पडते. त्यात पिष्ट असते, ते किड्याला आवडते. म्हणून कारागीर बांबू बरेच दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. पिष्ट निघून गेले की बांबू टिकतो. पाड्यावरील जी आजी सूप विणते, तिला हे रसायनशास्त्र कोणी शिकवले नाही. तिला विचारले तर ती हे आपल्या शब्दांत सांगेल आणि त्याशिवाय पुस्तकात नसलेल्या चार गोष्टी सांगेल.

याला हात लावू नका

शिबिरात काय करावे याइतकेच काय टाळावे हे महत्त्वाचे आहे. पुढील वनस्पती शिक्षकांनी पहिल्याच दिवशी प्रत्यक्ष दाखवून ओळख करून द्याव्यात.

गुंज : लाल रंगाची, काळा ठिपका असलेली सुंदर बी. पूर्वी सोनार वजनासाठी वापरत. मुलांना तिच्या माळा कराव्याशा वाटतात. पण बीचे कवच फुटले की आतील विष अत्यंत घातक असते. गुंजेला छिद्र पाडू नये, ती चावू नये, खिशात घालून घरी धाकट्या भावंडांच्या हाती लागू देऊ नये.

एरंडाच्या बिया आणि कण्हेरीची पाने, बिया : दोन्ही विषारी. कण्हेरीची काडी टाचणीसारखी किंवा चमच्यासारखी मुळीच वापरू नये.

खाजकुइली : हिवाळ्यात वेलावर तपकिरी मखमलीसारख्या लव असलेल्या शेंगा लोंबतात. मखमल दिसते म्हणून हात लावला, की ती लव अंगात शिरते आणि असह्य खाज सुटते. तसे झालेच, तर चोळू नये. चिकटपट्टी हलकेच लावून लव उचलून घ्यावी आणि मग पाण्याने धुवावे.

बिब्बा, रुई, थोर : बिब्ब्याच्या तेलाने कातडीवर फोड येतात. रुई आणि थोराचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला इजा होते. भरपूर पाण्याने डोळा धुऊन ताबडतोब डॉक्टरकडे न्यावे.

अनोळखी पान, बी किंवा फळ तोंडात घालायचे नाही. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवायला बसायचे नाही. झाडाच्या ढोलीत, दगडाखाली आणि पानांच्या ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहायचे.

पालकांसाठी

आपल्या पाल्याच्या पिशवीत कृपया तयार हस्तकलेचे खोके देऊ नका. त्याऐवजी बोथट टोकाची कात्री, सुती दोरा, एक जुने सुती फडके, जुन्या वहीचे दोन पुठ्ठे, एक पेन्सिल आणि स्टीलचे ताट-पेला एवढे द्या. पत्रावळ फसली तर ताट आहेच!

काही पालक विचारतात, “पत्रावळी लावायला शिकून पुढे काय होणार? स्पर्धा परीक्षेत याचे गुण मिळतात का?” प्रश्न रास्त आहे. गुण मिळत नाहीत. पण सात पाने एका वर्तुळात सारख्या अंतरावर बसवताना मूल जे शिकते, ते भूमितीच्या तासाला उपयोगी पडते. पाचव्यांदा उसवून पुन्हा लावताना जो धीर येतो, तो सगळीकडेच उपयोगी पडतो. आणि तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. घरी मूल ज्यांना ‘अडाणी’ समजायला शिकते, ती माणसे शिबिरात त्याचे गुरू होतात. हे एकदा घडले की ते मूल पुढे आयुष्यात कोणाच्या हाताकडे तुच्छतेने पाहणार नाही.

मूल घरी परत आल्यावर ‘काय आणलेस?’ असे विचारू नका. ‘काय करायला शिकलास, ते मला शिकव’ असे म्हणा. एक पान आणि एक हीर घेऊन त्याच्यासमोर बसा.

विश्वस्तांना विनंती

या कामासाठी फार पैसा लागत नाही. पण तीन गोष्टींची तजवीज संस्थेने करावी, अशी विनंती आहे.

एक, शिबिराच्या परिसरातील बांबूकाम करणारे किंवा वारली चित्रे काढणारे कारागीर दोन दुपारींसाठी बोलवावेत आणि त्यांना बाहेरच्या व्याख्यात्यांना देतो तेवढेच मानधन, तितक्याच मानाने, द्यावे. ‘गावचेच आहेत, चहापाण्यावर येतील’ असे म्हणू नये. जे फुकट मिळते, त्याची किंमत मुलेही शून्यच धरतात.

दोन, बाजारातील हस्तकला सामानासाठी ठेवलेली रक्कम प्रथमोपचार पेटी, दोन चांगल्या करवती, काचकागद आणि हातमोजे यांवर खर्च करावी.

तीन, आपल्या शाळेतील पाड्यांवरून येणाऱ्या मुलांना या तासाला मदतनीस म्हणून नेमावे. मात्र कोणावर सक्ती नको. ज्याला येते आणि ज्याला शिकवायला आवडेल, त्यालाच पुढे बोलवावे. ‘तुम्ही आदिवासी, तुम्हाला हे येतच असेल’ असे म्हणणे हाही एक प्रकारचा अपमानच आहे. कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या एखाद्या मुलीचा हात मातीत अधिक चांगला चालेल आणि पाड्यावरच्या मुलाला दुर्बिणीतून तारे पाहण्यात अधिक रस असेल. दोघांनाही वाव मिळावा.

शेवटी

पळसाच्या झाडाखाली द्रोण करणारा तो मुलगा शिबिरानंतर वर्गात एकदम हुशार झाला, असे काही घडले नाही. त्याच्या गृहपाठावर शेरे येतच राहिले. पण मधल्या सुटीत तो आता एकटा बसत नसे. निबंधाला ‘माझा आवडता छंद’ हा विषय आला, तेव्हा त्याने दीड पान लिहिले. एरवी त्याच्या निबंधाला चार ओळी होत असत. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. बाईंनी त्या दुरुस्त केल्या आणि खाली लिहिले, ‘मलाही शिकव.’

मित्रहो, यंदा शिबिराला निघताना हस्तकलेची पिशवी रिकामी घ्या. भरायला तिथे पुष्कळ आहे. आणि परत येताना तलावाकाठी आपली एकही खूण मागे राहिली नाही ना, हे वळून एकदा पाहा.